तीन अहवाल, सकाळी अकराचे

घर बंद होतं, ही गोष्ट खरी होती. सरकारी माणूस तीन वेगवेगळ्या वर्षी नोटीस घेऊन त्या दारात गेला आणि तिन्ही वेळा दाराला कुलूप होतं. त्याने नोटीस दारावर चिकटवली, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि अहवाल लिहिला: ‘घर बंद आढळले. सदर घरात कोणी राहत नाही.’ पहिलं वाक्य त्याने पाहिलं होतं. दुसरं त्याने पाहिलेलं नव्हतं. ते त्याने पहिल्यावरून काढलं होतं.

ही फाइल माझ्याकडे आली तेव्हा मी कायद्याच्या चौथ्या वर्षाला होते. कॉलेजच्या नियमाप्रमाणे उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर एखाद्या सरकारी कार्यालयात काम करून तिथला दाखला आणावा लागे. मला मिळालेलं कार्यालय गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांपैकी एकातलं. कोणतं ते लिहीत नाही. त्या टेबलांवरची बहुतेक माणसं अजून नोकरीत आहेत, आणि त्यांच्यातलं कोणी वाईट होतं असं माझं म्हणणं नाही.

तिथे जमिनीचे आणि घरांचे वाद चालत. न्यायालय म्हणावं तर एक मोठं टेबल, टेबलासमोर लाकडी कठडा, कठड्यामागे दोन बाकं. महसूल खात्याचे अधिकारी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसत. सगळे त्यांना साहेब म्हणत. काळा कोट फक्त वकिलांच्या अंगावर असे.

पहिला आठवडा मी फायली शिवल्या. दाभण, पांढरा दोरा, आणि प्रत्येक पानाला तांबड्या पेन्सिलीने आकडा. हेडक्लार्क मॅडम निवृत्तीला आलेल्या होत्या. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि ते इतरांकडूनही तसंच यावं अशी त्यांची अपेक्षा असे. अकरा वाजता खालच्या हॉटेलातून पातळभाजी आणि उंडे, म्हणजे गोल पाव, येत. मॅडम माझ्या बशीत एक उंडा जास्त ठेवायच्या आणि म्हणायच्या, “खा बाय. कायद्याने पोट भरत नाही.”

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला खरं काम दिलं. पावसाळ्याआधी निकाली काढायच्या जुन्या प्रकरणांची यादी होती. प्रत्येक फाइल वाचून साहेबांसाठी एका पानाचं टिपण लिहायचं: अर्जदार कोण, मागणी काय, कागद कोणते, अहवाल काय म्हणतो. खाली ‘तयार करणार’ म्हणून माझी सही.

त्या यादीतली ही एक फाइल. अर्जदार साठी ओलांडलेली एक विधवा. मुंडकार म्हणून नोंद व्हावी, हा तिचा अर्ज. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारं कुटुंब. जमीन भाटकाराची, घर मुंडकाराचं. कायदा या माणसाला घरातून काढू देत नाही आणि पुढे घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क देतो. मात्र त्या घरात त्याचं राहणं कायमचं असावं लागतं. विमानतळ आल्यापासून या भागातल्या जमिनीला गिऱ्हाईक फार. मधे असं एखादं घर असलं की जमीन मोकळी राहत नाही. भाटकाराचं लेखी म्हणणं दोन ओळींचं होतं: अर्जदार मुरगावला बंदरात कामाला असलेल्या मुलाच्या क्वार्टर्समध्ये राहते, घर पडीक आहे.

आणि आमच्याच कार्यालयाचे तीन अहवाल त्याला दुजोरा देत होते.

मी ते तिन्ही काढून शेजारी शेजारी ठेवले. पहिला मार्चच्या शेवटच्या आठवड्यातला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. दुसरा एप्रिलमधला, पावणेअकरा. तिसरा पुन्हा मार्च, साडेअकरा. इतर फायली चाळल्या तेव्हा कारणही समजलं. तलाठ्याकडे साचलेल्या नोटिसा सरकारी वर्ष संपताना एकदम बाहेर पडतात. वर्षभर कपाटात असलेला कागद मार्च आला की गावात जातो. जाणारा माणूस कार्यालयात हजेरी लावून निघतो, म्हणून अकराच्या सुमाराला दारात पोचतो.

मी कोरगावची. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी अकराला आमच्या दारालाही कुलूपच असे. काजूचा हंगाम असतो. घरातली हिंडतीफिरती सगळी माणसं उजाडताच डोंगरावर जातात. पडलेली बोंडं गोळा करायची, बी पिळून वेगळी करायची, बोंडं दारूच्या भाटीवर पोचवायची. शिळं बोंड आंबतं, म्हणून हे काम रोजच्या रोज. जेवण डोंगरावर. परत येणं दिवेलागणीला. त्या दोन-अडीच महिन्यांत आमच्या वाड्यावरच्या कोणत्याही घरी नोटीस घेऊन अकराला कोणी आलं असतं, तर तिथेही ‘कोणी राहत नाही’ असाच अहवाल झाला असता. सगळा वाडा कागदावर ओस पडला असता.

मी टिपण लिहिलं. अहवालांच्या रकान्यात तिन्ही तारखा आणि वेळा दिल्या आणि खाली एक वाक्य घातलं: ‘तिन्ही भेटी काजूच्या हंगामात सकाळच्या वेळी झालेल्या आहेत.’

मॅडमनी ते वाचलं आणि पेनाची टोपी काढली.

“हे काजू कुठून आले?”

“हंगाम आहे मॅडम. सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना माहीत असलेलं फाइलमध्ये कुठल्या पानावर आहे ते सांग.”

कुठल्याही पानावर नव्हतं. त्यांचं बरोबर होतं. जे नोंदीत नाही ते टिपणात नाही, हा नियम आहे आणि चांगला आहे. मी ते वाक्य माझ्या हाताने खोडलं. तारखा आणि वेळा राहिल्या.

“आता याही काढ.”

“या पानावर आहेत मॅडम. एकेचाळीस, सत्तावन्न आणि त्र्याहत्तर.”

“आहेत. पण वेळ विचारली कोणी? अहवाल काय म्हणतो तेवढं लिहायचं. बंद म्हणतो, बंद लिही. वेळा बघितल्या की साहेब विचारणार का म्हणून. मग पुन्हा पाहणी, पुन्हा तारीख. ही फाइल या महिन्यात संपवायची आहे.”

“मग ती चुकीची संपेल.”

मॅडम रागावल्या नाहीत. खुर्चीत मागे टेकल्या. “बाय, तू इंटर्नशिप करायला आलीस, वकिली करायला न्हय. तुझा दाखला माझ्याच टेबलावरून जाणार आहे, तेवढं लक्षात ठेव.”

मी वेळा काढल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी टंकलेखकाकडून नवी प्रत आली. त्यात अहवालांच्या रकान्यात एकच ओळ होती: ‘तीन अहवालांनुसार घर बंद, कोणी राहत नाही.’ खाली माझ्या सहीसाठी जागा. मी सही केली नाही. मॅडमनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा टेबलावर बोटाने ती जागा दाखवली. मी माझं मूळ टिपण जपून ठेवलं आणि दुसऱ्या फायली शिवत बसले. त्या दिवशी माझ्या बशीत एकच उंडा होता.

सुनावणी बुधवारी होती. शिपायाने नाव पुकारलं आणि एक बारकी, ताठ बाई कठड्याशी येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकची पिशवी. बोटं काजूच्या चिकाने काळी पडलेली, अंगठ्याची साल निघालेली. तिच्या बाजूला वकील नव्हता. आधीचा येईनासा झाला होता, असं रोजनाम्यावरून, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीवरून, दिसत होतं.

भाटकाराचे वकील थोडक्यात बोलले. “साहेब, कार्यालयाचेच तीन अहवाल आहेत. अर्जदार मुलाकडे राहते, घर पडीक आहे. आणखी पुरावा कसला हवा?”

“पडीक?” बाई म्हणाली. “काल सारवलंय मी तेका. पडीक घर कोण सारवता रे?”

“आजी, विचारल्यावर बोला,” साहेब म्हणाले.

“मगे इचार.”

बाकावर कोणीतरी हसलं. साहेबांनी टिपण हातात घेतलं, वाचलं, उलटून पाहिलं. “यावर सही नाही.”

“इंटर्नने केलंय सर,” मॅडम म्हणाल्या. “सही राहिली वाटतं.”

मी भिंतीजवळ स्टुलावर बसले होते. इंटर्नने सुनावणीत बोलायचं नसतं, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी उभी राहिले.

“राहिली नाही सर. मी केली नाही.”

“का?”

“मी लिहिलेल्या टिपणात अहवालांच्या वेळा होत्या. या प्रतीत नाहीत.”

वकील साहेबांकडे पाहत म्हणाले, “आता इंटर्नही पक्षकार आहेत का? तसं असेल तर मला त्यांची उलटतपासणी घ्यावी लागेल.”

“घ्या,” मी म्हणाले. ते बोलायला नको होतं. पण ते मी म्हणाले, म्हणून इथे लिहिते.

साहेबांनी वकिलांकडेही पाहिलं नाही आणि माझ्याकडेही. त्यांनी फाइल ओढली. “पानं?”

मी आकडे सांगितले. त्यांनी एकेक पान काढून वेळ मोठ्याने वाचली. तीन वेळा. मग चष्मा काढून ते बाईंकडे वळले. “आजी, मार्च-एप्रिलमध्ये सकाळी अकराला तुम्ही कुठे असता?”

“खंय असतलंय? काजीत.”

“कोणाच्या काजूत?”

बाईने वकिलांकडे बोट केलं. काळं, साल निघालेलं बोट. “ह्येच्या भाटकाराच्या. तेच्याच डोंगरार पुंजायतंय मी काजी. घरवालो गेलो तेच्या दुसऱ्या वर्सापासून. मी खंय असतंय ता तेका ठावक नाय? पाणी पिऊक बसलंय तर तेचो मुकादम बोंब मारता!”

हे मला माहीत नव्हतं. फाइलमध्ये नव्हतं, माझ्या टिपणात नव्हतं, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ज्या माणसाने ती इथे राहत नाही असं लिहून दिलं होतं, त्याच्याच बागायतीत ती त्या तीन सकाळी मजुरीवर होती. मुरगावहून रोज पहाटे कोणी इतक्या लांबच्या डोंगरावर काजू गोळा करायला येत नाही.

“हे रेकॉर्डवर नाही साहेब,” वकील म्हणाले.

“आता येतंय,” साहेब म्हणाले आणि तिचं बोलणं नोंदीसाठी सांगू लागले. रोजनामा मॅडम लिहीत होत्या. त्यांनी एकही शब्द गाळला नाही. मी नंतर ते पान पाहिलं. मुकादम ओरडतो, हेसुद्धा त्यात त्याच छापील अक्षरात आहे.

वकिलांनी आक्षेप नोंदवला. तोही लिहिला गेला. मग साहेबांनी विचारलं, “मग तुम्ही घरी सापडता कधी?”

“सांजचा सातांक ये. चाय करतंय.”

स्थळ पाहणीचा आदेश झाला. वेळ संध्याकाळची. दिवस साहेब ठरवणार आणि निघण्याआधी तासभर दोन्ही बाजूंना फोन जाणार. माझं मूळ टिपण फाइलला लावायला सांगितलं. त्यावर मी सही केली.

बाहेर पडताना बाई माझ्यापाशी थांबली. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल. ती म्हणाली, “चेडवा, तू बोललंस ता बरा केलंस. पण घसो साफ करून बोल. अर्धा आयकाकच येऊक नाय.”

पाहणी पुढच्या मंगळवारी झाली. जीपमध्ये तलाठी होते आणि मी. “तूच जा,” मॅडम म्हणाल्या होत्या, “तुलाच बघायचं होतं ना.” तिन्ही अहवाल याच तलाठ्यांचे. वाटेत ते मला म्हणाले, “मी खोटं लिहिलं नव्हतं हां. कुलूप होतं.” मी म्हटलं, कुलूप होतं हे मी कधी नाकारलं नाही.

सातला दहा मिनिटं कमी असताना पोचलो. भाटकाराच्या बाजूने कोणी आलं नाही. वाड्यावरचे दोन शेजारी पंच म्हणून बोलावले. बाई घरापुढच्या खळ्यात पाय धूत होती. कोपऱ्यात गोणपाटावर काजूबिया पसरलेल्या होत्या.

तलाठ्यांनी पंचनाम्याचा कागद फळीवर ठेवला आणि लिहिलं: घर उघडे आढळले. अर्जदार हजर. मग कागद तिच्यापुढे केला. “मावशी, सही.”

“वाच बगया.”

त्यांनी वाचलं.

“इतक्याच?”

“आणखी काय लिहू?”

“चूल पेटल्ली आसा, ता लिही. न्हाणयेत पाणी तापता, ता लिही. गोठ्यात म्हस बांधल्ली आसा, ती दूध दिता, ता लिही.”

“मावशी, म्हशीचं दूध पंचनाम्यात येत नाही.”

“कित्याक येऊचा नाय? बंद म्हणान लिवताना तीनदा तुमचो हात दुखलो नाय. आताच दुखता?”

पंचांपैकी एकजण तोंडावर पंचा धरून हसला. तलाठ्यांनी लिहायला घेतलं. चूल. तिच्यावरचं भाताचं टोप. न्हाणीघर. म्हैस. तुळशीपुढे लावलेला दिवा. दांडीवर वाळत घातलेली लुगडी, किती ती मोजून. भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो आणि त्याला घातलेली अबोलीची ताजी माळ. ती पुढे चालत होती आणि दाखवत होती. तलाठी मागून फळी सांभाळत लिहीत होते. एका पानाचा पंचनामा तीन पानांचा झाला. मग तिने तो मला वाचायला लावला. सगळा. मग पुन्हा एकदा, कारण पहिल्या वेळी तिला दिव्याची ओळ ऐकू आली नव्हती. अंगठ्यासाठी तलाठ्यांनी शाईचा डबा उघडला होता. तिने तो बाजूला सारला आणि पेन घेतलं. सही करायला तिला बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

चहा तिने खरंच केला.

माझा महिना मेच्या मध्यात संपला. दाखला जूनच्या सुरुवातीला घ्यायला गेले. त्यात चार रकाने होते. उपस्थिती: नियमित. कामाचे ज्ञान: चांगले. हस्ताक्षर: सुधारणेस वाव. सूचनांचे पालन: असमाधानकारक. कॉलेजने त्या शेवटच्या शेऱ्याबद्दल माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी एका ओळीत दिला: शेरा बरोबर आहे. गुण कापले गेले. त्यांनी ते परत द्यावेत असा अर्ज मी केला नाही. तीच सूचना पुन्हा मिळाली तर मी पुन्हा तेच करीन. कागदावर वेळ लिहिलेली असेल तर ती वाचली पाहिजे. वाचायची नसेल तर लिहिण्याचा रकाना ठेवू नये. एवढंच माझं तेव्हा म्हणणं होतं, आणि आज कितीतरी अहवाल वाचून झाल्यावरही त्यात भर घालावीशी वाटत नाही.

दाखल्याच्याच दिवशी त्या प्रकरणाचा निकाल होता. ते मला मॅडमनी सांगितलं. दाखला माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, “थांब अर्धा तास. तुझी काजूवाली आज आहे.”

मी मागच्या बाकावर बसले. साहेबांनी आदेशाचा शेवटचा भाग वाचला. अर्जदाराचं त्या घरातलं राहणं कायमचं असल्याचं सिद्ध होतं. मार्च-एप्रिलमधले तीन अहवाल त्याविरुद्ध पुरावा धरता येत नाहीत. मुंडकार म्हणून नोंद करण्यात यावी.

बाई तशीच उभी होती. आदेश इंग्रजीत होता. ती मागे वळली आणि बाकांवर नजर फिरवत तिने मला हुडकलं.

“काय म्हणता तो?”

“घर तुमच्या नावावर नोंदवायला सांगितलंय, मावशी.”

“माज्या?”

“तुमच्या.”

वकील कागद गोळा करत होते. ते साहेबांना म्हणाले की या आदेशाविरुद्ध आपला पक्षकार अपिलात जाणार, तेव्हा प्रमाणित प्रत लवकर मिळावी. साहेबांनी मान हलवली. मॅडमनी लिहून घेतलं.

“आता ह्यो काय म्हणता?” बाईने विचारलं.

मी सांगितलं. वरच्या ठिकाणी दाद मागणार. पुन्हा तारखा पडतील, कदाचित पणजीला जावं लागेल, वर्षंही जातील.

तिने वकिलांकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, म्हशीचं गिऱ्हाईक पाहावं तसं.

“जावंदे तेका अपिलात,” ती म्हणाली. “मी खंय जातलंय?”

मग मॅडमच्या टेबलाशी जाऊन तिने स्वतःच्या प्रतीसाठी अर्ज कसा करायचा ते विचारलं. मॅडमनी कोरा कागद तिच्यापुढे ठेवला आणि मला हाक मारली. अर्ज मी लिहिला. सही तिने केली.